दार नसलेली भिंत

तासगाव रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेत रेल्वेचा जुना डबा आहे, तो दुरुस्त करून हॉटेल काढायचंय, असा निरोप आला. सांगलीत सुतारकाम करताना दारं-पलंग रोजचेच, डबा पहिल्यांदाच. चाकं नव्हती. लोखंडी सांगाडा दगडी जोत्यावर टेकवलेला आणि वर अख्खं सागवान. मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी तो भंगारातून घेतला आणि बेदाणा ठेवायला वापरला. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ती शेड अगदी लागून, त्यामुळे आतलं सगळं पितळ काळंठिक्कर. लाकूड मात्र ठणठणीत.

हा जेवणाचा डबा होता हे आबांनी वडिलांकडून ऐकलेलं. आत शिरल्यावर माझीही खात्री पटली. एका टोकाचा भाग आडव्या भिंतीने वेगळा केलेला, त्याला आतून जस्ती पत्रा, छतात धुराड्याचं भोक. उरलेल्या भागातल्या जमिनीत लाकडी गुट्ट्या मारून बुजवलेली भोकं होती. ती खडूने जोडत गेलो तर एका अंगाला चौघांची टेबलं, मधे वाट, दुसऱ्या अंगाला दोघांची, अशी बैठक निघाली. मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवरचा डबा, अंगानं अरुंदच. हात धुवायच्या जागेतल्या दुधी काचेवर 'एम. एस. एम.' अक्षरं कोरलेली. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ ची, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली. डबा नक्की कोणत्या सालचा हे काच सांगत नाही, पण तेवढ्या वर्षांच्या आतला. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा झाला, तेव्हा मीटरगेजचे डबे त्या मार्गावर निरुपयोगीच झाले.

आर्किटेक्टच्या नकाशात हॉटेलचं मोठं दार डब्याच्या टोकाच्या भिंतीत होतं. कापायच्या दिवशी पोरांनी मशीनची वायर जोडलीसुद्धा. पॉलिशसाठी मी मिरजेहून एक चाचा आणले होते. तंबोऱ्यांना लाखेचं पॉलिश करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. रंग काढायला पोरगं हीट गन घेऊन आलं, तर चाचांनी ती बाजूला ठेवायला लावली. जुन्या रंगात शिसं असतं, तापवलं की त्याचा धूर छातीत जातो. पाणी मारून ते पत्तीने हळूहळू खरवडत होते. वर निळा, खाली राखाडी, त्याखाली तपकिरी, मग लाकूड. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत थर तेच, त्याच क्रमाने.

चाचा म्हणाले, "मिस्त्री, हे बघा. फळ्या सलग आहेत. इथं दार कधी नव्हतंच."

दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं, तिथेही तसंच. दारं फक्त बाजूंना.

आबा हसले. "मग माणसं जेवायला येत कुठनं होती? डेक्कन क्वीनमधी मी स्वतः चालत्या गाडीत डायनिंग कारला जाऊन टोस्ट खाल्लाय."

त्या गाडीत जाता येतं, पण पूर्वी आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे डबे आतून जोडलेले नसायचे. जेवायचं असलं की स्टेशनात उतरायचं, फलाटावरून चालत जेवणाच्या डब्यात चढायचं, आणि पुढचं थांब्याचं स्टेशन आलं की परत आपल्या जागेवर. मधे सुटका नाही. जेवण पंधरा मिनिटांत उरको, नाहीतर तासभर चालो, गाडी थांबेपर्यंत बसून राहायचं. माझ्या मते या डब्याची खरी ओळख ही कोरी भिंतच होती, आणि आम्ही नेमकी तीच कापायला निघालो होतो. शिवाय छताचा टोकाकडचा भार टोकाच्या चौकटीवरही असतो.

"ते खरं," आबा म्हणाले, "पण बाजूचं दार केवढंसं हाय! लग्नाची माणसं आत जायची कशी?"

यावर बराच वेळ गेला. शेवटी मी म्हटलं, डब्याच्या लांबीभर बाजूने फलाटाच्या उंचीचा ओटा बांधा, एका टोकाला उतार करा आणि जुन्या दोन्ही दारांनी माणसं घ्या. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. आबांनी दगडाचा हिशेब मनात केला, चेहरा पडला, पण मशीनची वायर काढायला सांगितली.

लाखेचं पॉलिश भिंतींनाच केलं. टेबलांना चाचांनी साफ नकार दिला. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि लाख विरघळते स्पिरिटमध्येच, तेव्हा सांडलेल्या दारूनेही ती सुटते. तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश मारलं. भिंतींचं कामही मृगाच्या आत उरकलं; दमट हवेत लाख पांढुरकी पडते.

आर्किटेक्ट अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पितळ तेवढं बाकी आहे. ते चिंचेने घासून लखलखीत करायचं की काळंच ठेवायचं, यावरून आबांचं आणि चाचांचं रोज वाजतं.