आमची वाटचाल : ५७६० चा बोर्ड आणि आमचं भिंग

फोटो प्रिंटिंगच्या धंद्यात आम्हाला यंदा पंधरा वर्षं झाली. त्यातली बारा-तेरा सुरळीत गेली, रोज नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का बघायची प्रिंट) काढायचा, पासपोर्टच्या शीट कापायच्या, संध्याकाळी शटर ओढायचं. लिहायचंय ते मधल्या दोन वर्षांबद्दल.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने केली. पहिलं मशीन त्याच्या पसंतीचं, इंकजेट म्हणजे शाईचे बारीक थेंब फवारणारं, चार रंगांचं, खोक्यावर ठळक ५७६० बाय १४४० डीपीआय छापलेलं, तेवढं बघून घेतलं. पण प्रिंट काढली की गालावर दाणा (खरखरीत बारीक ठिपके), आकाशात दाणा. शेवटी दहा पटीचं भिंग आणलं आणि तासभर एकाच प्रिंटवर डोळा लावून बसलो तेव्हा उलगडलं. फिकट गुलाबी शाई मशीनमध्ये नाहीच, मग ते गडद मजेंटाचेच ठिपके लांब लांब टाकून डोळ्याला फिकं भासवतं, आणि ते सुटे ठिपके म्हणजेच आपला दाणा. ५७६० डीपीआय म्हणजे एका इंचात हेड (शाई फवारणारा भाग) किती जागी थेंब टाकू शकतं ते, फोटोतला तपशील त्याने वाढत नाही. तपशील फाइलमधून येतो, ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल असले की ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) झालं, बास.

मी म्हटलं सहा रंगांचं घेऊ, लाइट सायन (फिकट निळी) आणि लाइट मजेंटा (फिकट गुलाबी) शाईवालं, दीड पिकोलिटर म्हणजे अगदी बारीक थेंबाचं. तो म्हणाला, गिऱ्हाईक थेंब बघत नाही, आकडा बघतं. त्यावरून जे वाजलं ते वाजलं. महिन्याभरात तो बाहेर पडला, समोरच दुकान टाकलं, ‘५७६० डीपीआय’ असा बोर्ड लावला आणि जाताना दुकानाची गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. ती वही मी माझ्या हाताने लिहिलेली होती.

सहा रंगांचं मशीन मी घेतलं, पण त्याच्या रेटला टिकायचं म्हणून त्यात लोकल इंक (कंपनीची नसलेली स्वस्त शाई) भरली. ती चूक माझी. आठ महिन्यांनी एक मावशी फ्रेम घेऊन आल्या, यजमानांचा मोठा केलेला फोटो, खिडकीसमोर लावलेला, चेहरा पार उडालेला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या की तुझ्याकडे याहून चांगलं असेल तर परत काढून दे. पुढच्याच आठवड्यात हेड चोक झालं, क्लीनिंगवर क्लीनिंग मारून वेस्ट इंक पॅडही (वाया गेलेली शाई शोषणारं) भरलं, आणि नवं हेड जवळजवळ मशीनच्याच किमतीत. तीन आठवडे दुकान बंद.

घरचा कॅमेरा विकून, उसने घेऊन डाय-सब मशीन (रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारं) आणलं. त्यात पिवळा, मजेंटा, सायन आणि वरचा कोट असा कागद चार वेळा आत-बाहेर होतो, रिझोल्यूशन फक्त ३०० डीपीआय. पण प्रत्येक ठिपक्याला प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात, म्हणून दाणा दिसत नाही. गिऱ्हाईक ३०० वाचून समोर जायचं. मग मी एकाच फाइलच्या दोन प्रिंट, एक चार रंगांच्या मशीनची आणि एक डाय-सबची, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हातात भिंग द्यायला लागलो. लोक परत आले, हळूहळू, पण आले.

मावशींचा फोटो मी ओळखीच्याकडून पिगमेंट इंकवर (उजेडात सहसा लवकर न उडणाऱ्या शाईवर) काढून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्यांच्या घरातलं एकही काम दुसरीकडे गेलेलं नाही.

आता मशीन घ्यायला निघाला असाल तर ऐका. कंपनीची डेमो प्रिंट बघू नका, ती चांगलीच येते, आपली फाइल न्या, त्यात जवळून काढलेला चेहरा हवा आणि एक ब्लॅक अँड व्हाइट हवा, आणि प्रिंट ट्यूबलाइटखाली बघा आणि बाहेर उन्हातही बघा, कारण ग्रे एकीकडे बरोबर दिसतो आणि दुसरीकडे हिरवट मारतो. इंक डाय (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंट, कार्ट्रिज किती एमएलचं, पॅड आपल्याला बदलता येतं का, वापरणार त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग बरोबर यावेत म्हणून लागणारी फाइल) मिळतं का, एवढं विचारा. जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जास्त म्हणजे कागद जड, बहुधा जाडही, कोटिंग चांगलं असेलच असं नाही. आणि रोज प्रिंट निघणार नसतील तर इंकजेट घेऊन हेड वाळवत बसू नका, डाय-सब घ्या.

समोरचा बोर्ड अजून आहे. वही त्याने अजून परत दिलेली नाही.