पीटीएमची मॅच आणि शाहू स्टेडियम

आज बऱ्याच दिवसांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघितली. आमची पाटाकडील तालीम, म्हणजे पीटीएम, आणि समोर शिवाजी तरुण मंडळ. म्हणजे मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ, पुढचं कोल्हापूरकरांना सांगायला नको!

पुण्यातल्या ऑफिसात कुणाला पटतच नाही, की तालमीची फुटबॉल टीम असते. बाबांनो, आमच्याकडं खंडोबा, दिलबहार, बालगोपाल सगळ्या तालमीच आहेत. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्या पोरांनीच पायात बूट चढवले. वर्ल्डकप आला की मेस्सी आणि नेमारचे कटआऊट चौकात उभे राहतात ते वेगळंच.

लहानपणी आजोबा सायकलवर पुढं बसवून न्यायचे. कागदाच्या पुडीतलं भडंग ऊन उतरेपर्यंत पुरवायचं, पण पहिला गोल झाला की निम्मं पुढच्या माणसाच्या डोक्यावर. तो मागं वळून शिव्या द्यायच्या ऐवजी मिठी मारायचा. आपल्या बाजूचा असला तर!

नंतर आफ्रिकेतले खेळाडूही तालमींकडून खेळायला लागले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपात आपला अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा पेठांची भांडणं तेवढ्यापुरती मिटली होती.

हुल्लडबाजी मात्र अजून तशीच आहे. बाटल्या फेकणाऱ्यांना फुटबॉलप्रेमी म्हणायला मी तयार नाही, मग ते आमचे असले तरी.

आज बरोबरी झाली. शेजारचे काका रेफ्रीवर अजून चिडलेत. आमचं ऑफसाईड नव्हतंच, भावांनो. शिवाजी पेठेतल्यांनी कमेंटमध्ये यावं.