कपाटाची चावी

१९८२ साली मी आमच्या शाळेत सातवीत होतो. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे बाबाही. रोज लोकलने करी रोडला जाणारा माणूस ठाण्यातल्या किसननगरच्या खोलीत दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आईचं मंगळसूत्र सावकाराकडे होतं.

आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, ख्रिस्ती. त्यांच्या चर्चच्या मंडळीने शाळेसाठी वह्या आणि गहू पाठवले होते. कोणाला लाज वाटू नये म्हणून सर शाळा सुटल्यावर ऑफिसमधलं कपाट उघडून एकेका मुलाला बोलावून देत. पण चाळीत कुजबुज सुरू झाली, की ख्रिस्ती पोरांना आधी मिळतं. चार पालक जाब विचारायला गेले. सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो, जीव मुठीत धरून.

सरांनी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "तुमचं खरं आहे. ज्यांची घरं मला माहीत होती, त्यांचीच नावं आधी आली. चुकलंच माझं." मग त्यांनी चावी बाबांपुढे ठेवली. "यादी आता तुम्ही करा."

मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ फार रागावले. आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेलं परक्याच्या हाती कसं देता? सरांनी ऐकून घेतलं, पण चावी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिकांच्या विधवा मागे राहत, म्हणून तक्रार झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, ती दडपली नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "सातही नावं ग्रीक आहेत, बघा." तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पुढे नोकरीत माझ्या हाताखाली वीस माणसं होती. तक्रार करणाऱ्याच्याच हाती कारभार सोपवायचं धैर्य मला एकदाच झालं, आणि तेव्हा सरच डोळ्यांसमोर होते.

बाबा मात्र त्या सकाळपासून बदलले. दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघायचे, गल्लीगल्लीत फिरून नावं लिहायचे. माझं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी घातलं. दोन वह्या मिळाल्या. त्या मी पेन्सिलीने लिहून, खोडून पुन्हा वापरल्या.

तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. वर्ष संपल्यावर ते चावी परत करायला गेले. सरांनी ती घेतली नाही. कोरी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "पुढच्या जूनची नावं आत्तापासूनच लिहायला घ्या."