कुंडलिकेचं पाणी, उजनीचा वारा

डिसेंबरात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, कुंडलिकेला सकाळी पाणी चढतं. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून रवाळज्याला आणि मग नदीत. वीजघर चालू तर नदी, नाहीतर उघडे गोटे. म्हणून रायगड जिल्ह्यात, या नदीवरच्या कोलाडला कयाक घेऊन जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी मी आधी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना फोन करतो, हवामान नंतर बघतो. प्रश्न तीनच: उद्या पाणी सोडणार का, किती वाजता, आणि किती वेळ चालेल?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि गोची तिथंच होते. साजे गावाजवळ, जिथून बोटी पाण्यात सोडतात, उशिरा उतरलं की पाणी पाठीमागून ओसरत येतं आणि बोट दगडांवर बसते. फार लवकर उतरलं तर आपण पाण्याच्या पुढे निघून जातो आणि पुन्हा तेच.

पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. पण नुसत्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही, कारण रुंद पात्रात जे पाणी पोटरीला लागतं तेच कातळाच्या अरुंद घळीत माणूस उचलतं. मी बघतो तो बदल. विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर ते पाणी आपल्यापर्यंत कधी पोचेल याचा हिशेब घालतो. धार सेकंदाला दीड मीटर, म्हणजे ताशी 5.4 किलोमीटर असेल, तर 18 किलोमीटरला तीन तास वीस मिनिटं होतात. इथं एक चूक नेहमी होते. वाढलेल्या पाण्याचा फुगवटा मूळ धारेपेक्षा पुढे धावतो. वेग किमान दीडपट धरायचा, मग तोच वेळ सव्वादोन तासांवर येतो. अंदाजही घाटमाथ्याचा बघायचा. हवामान खातं पुणे जिल्हा आणि पुण्याचा घाटमाथा वेगवेगळा देतं. नदीला पाणी येतं ते वरून, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

काठावर पोचल्यावर मी लगेच बोट उतरवत नाही. पाण्याच्या अगदी कडेला काटकी रोवतो आणि पंधरा मिनिटं थांबतो. पाणी काटकीच्या पुढे गेलं तर चढतंय, मागे सरलं तर उतरतंय. काटकीशिवायही कळतं. उतरत्या पाण्यात दगडांवर पाण्याच्या रेषेच्या वर ओला पट्टा राहतो. चढत्या पाण्यात तो पट्टा नसतो, कोरडा दगड थेट पाण्यात बुडत जातो, आणि काठावर वाळलेला पाचोळा, काड्या, फेस उचलून धारेला लागतात. स्वच्छ पाण्यात अचानक पाचोळा आणि गढूळपणा एकत्र दिसला तर मी कुणाशी चर्चा करत बसत नाही, सगळ्यांना वर काढतो.

मग वेग. थ्रो बॅगेची, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या पिशवीतली 20 मीटर दोरी काठाला धारेच्या दिशेनं पसरायची आणि वरच्या टोकाच्या थोडं अलीकडे धारेच्या मध्यावर मोसंबं टाकायचं. पान चालत नाही, त्याला वारा ढकलतो. मोसंबं बहुतेक पाण्याखाली राहतं, त्यामुळे खरा वेग दाखवतं. दोरीभर अंतराला 20 सेकंद लागले तर सेकंदाला एक मीटर, 10 लागले तर दोन. बरं पोहणाऱ्यालाही एक मीटरच्या धारेविरुद्ध फार वेळ टिकता येत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि धार जोराची असेल तर चालत नदी ओलांडायची नाही. पडलात तर उभं राहायची घाई नको, पाय दगडात अडकतो आणि धार माणसाला पुढे पाडते. उताणं व्हायचं, पाय धार वाहते त्या दिशेला, म्हणजे खालच्या अंगाला करून पाण्याच्या वरच्या थरात ठेवायचे, तिरकं पोहत कड गाठायची.

खळाळाला पाण्यावरचा व्ही आकार वाचायचा. टोक खालच्या अंगाला असेल तर दोन दगडांमधली मोकळी वाट, टोक वरच्या अंगाला असेल तर तिथं दगड आहे. काठच्या झाडाच्या फांद्या पाण्यात असतील तर तिकडून लांब राहायचं. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस आणि बोट अडकतात.

मला सगळ्यात जास्त धास्ती बंधाऱ्याची आहे, कारण तो दिसायला निरुपद्रवी असतो. बोटीतून समोर नदीवर फक्त एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसते आणि पुढचं पाणी दिसत नाही. पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पुन्हा भिंतीकडे वळतं. काठावरून नीट पाहिलं तर तिथं प्लास्टिकची बाटली किंवा चप्पल गोल गोल फिरताना दिसते, अर्धा तास झाला तरी बाहेर येत नाही. माणसाचंही तेच होतं, लाइफ जॅकेट असलं तरी. के.टी. म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, काढलेले असले तर पाणी खांबांमधून जोरानं ओढलं जातं आणि बोट खांबाला आडवी चिकटते. दोन्ही वेळा उपाय एकच: किमान 50 मीटर अलीकडे काठाला लागायचं आणि बोट उचलून न्यायची.

तलावाला धार नसते, तिथं वारा बघायचा. उजनी धरणासारख्या पसरट जलाशयावर वाऱ्याला लांबच लांब मोकळं पाणी मिळतं आणि लाटा तयार व्हायला वेळ लागत नाही. 21 मे 2024 ला संध्याकाळी उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एप्रिल ते जूनमधला वळीव असाच येतो: दुपारभर उकाडा, वारा पूर्ण पडलेला, मग ढगाच्या बाजूनं अचानक गार झोत आणि धूळ. त्या झोतानंतर काठ गाठायला काही मिनिटंच उरतात. म्हणून या महिन्यांत मी पहाटे उतरतो आणि अकराच्या आत बाहेर असतो. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर असतो. नवख्यांची बोट तेव्हाच काठाला घ्यायची. सगळीकडे फेस दिसला तर 20 च्या वर, मग मीही उतरत नाही. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग 10 किलोमीटरच्या आत आहे. काठावर वारा पाठीमागून येत असेल तर पाणी शांत दिसतं आणि फसवतं, मध्यावर गेल्यावर परतीला तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जावं.

उन्हाळ्यात उजनीचा साठा वजामध्ये, म्हणजे वापरायच्या पातळीच्या खाली, गेला की बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. हवेची बोट फाडायला ते पुरतात. कडेच्या गाळात वल्हं खुपसून बघायचं, वितीपेक्षा जास्त गेलं तर तिथं उतरायचं नाही. पाणी हिरवं असेल तर त्यात काठी फिरवायची. काठीला तंतू लोंबले तर साधं शेवाळ. ऑइलपेंटसारखा थर चढला तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता असते. त्या दिवशी पोरांना आणि कुत्र्याला पाण्याजवळसुद्धा जाऊ द्यायचं नाही.