टर्लॉक पार्क: आयर्लंडमधील जुने व्यवसाय आणि त्यांच्याभोवतीच्या समजुती

आयर्लंडच्या खेड्यांतील जुने व्यवसाय पाहायचे असतील, तर मेयो परगण्यातील टर्लॉक पार्क येथील ग्रामीण जीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नये. मात्र जाण्यापूर्वी थोडे वाचन अवश्य करावे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या वह्या आता ‘दूखस’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि त्यांत परगणा, गाव किंवा विषय यांनुसार शोध घेता येतो. ‘गावातील लोहारशाळा’ आणि ‘लोणी काढणे’ हे दोन विषय मी आधी वाचले होते, त्यामुळे काचेमागच्या वस्तू मला निराळ्याच दिसल्या.

लोहाराने तापलेले लोखंड ज्या पाण्यात विझवले, ते पाणी लावल्यास चामखीळ जाते, असे लोक मानत. लोणी काढले जात असताना घरात आलेल्या माणसाने रवीला हात लावून थोडे घुसळलेच पाहिजे, नाहीतर घरातली बरकत तो घेऊन जातो, अशी समजूत होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तर घरातला विस्तवही कोणाला देत नसत. ज्या घराचे भाडे लोण्यावर भागत असे, त्या घराची ही भीती मला अगदी समजण्यासारखी वाटते.

मी सर्वाधिक वेळ टोपल्यांपाशी घालवला. पाठीवरून पीट (दलदलीतून कापून वाळवलेले मातीसारखे जळण) वाहण्याची टोपली विणताना विलोच्या काठ्या जमिनीत उभ्या रोवतात, तोंडाकडून वर विणत जातात आणि शेवटी टोके वाकवून बूड गुंफतात, म्हणजे टोपली उपडी तयार होते. गाढवावर लादायच्या काही टोपल्यांचे बूड उघडणारे असे, त्यामुळे ओझे न उतरवता खत थेट शेतात सोडता येई. गवताचे उंच मुखवटे घालून लग्नघरी अवचित येणाऱ्या तरुणांचा वेशही येथे पाहायला मिळतो.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून वेस्टपोर्टच्या गाडीने कासलबारला उतरावे. प्रवासाला तीन तासांहून अधिक वेळ लागतो आणि दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी. तेथून संग्रहालय सुमारे ८ किलोमीटरवर आहे. टॅक्सी न घेता पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र हरितमार्ग आहे. प्रवेश विनामूल्य आहे, तरी उघडण्याच्या वेळा वारानुसार बदलत असल्याने संकेतस्थळावर पाहून निघावे आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पावसाळी कोट उन्हाळ्यातही लागतो. भारतीय पारपत्रधारकांनी हेही लक्षात घ्यावे की आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीला जोडून येथे यायचे असल्यास आयर्लंडच्या व्हिसाची तजवीज वेगळी करावी लागते.