आखूड मनोऱ्याखालचा मेळावा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा शाळेत भरत नाही, मशिदीच्या पटांगणात भरतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. पण लोकल बोर्डाच्या काळात शाळेला इमारतच नव्हती, तेव्हा पहिली ते चौथीचे वर्ग मशिदीच्या ओसरीत बसायचे. जुम्म्याच्या दुपारी नमाजाची वेळ झाली की पोरं पाटी-दप्तर उचलून समोरच्या लिंबाखाली जायची आणि नमाज संपला की पुन्हा आत यायची. माझे वडील त्याच ओसरीत बाराखडी शिकले. मेळाव्याला दुसरी जागा सुचवणारा माणूस आमच्या मंडळात अजून जन्माला यायचा आहे.

गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. मशीद काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. घुमट पाकळ्यांतून उमललेल्या कळीसारखा. दोन मनोरे, त्यातला उजवा डाव्यापेक्षा पुरुषभर आखूड. त्याच्या पायथ्याशी एक घडीव दगड सुटा पडलेला आहे आणि त्यावर पाच खळगे आहेत. गावातल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी त्या खळग्यांत आपली पाच बोटं घालून बघितलेली आहेत. माझी बोटं आधी पुरत नव्हती. सातवीत गेलो तेव्हा बरोबर बसली, आणि आता मावत नाहीत.

मेळावा मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवालवाचन, सत्कार हे सगळं होतंच. हिशेब मी वाचतो, तोही पाच मिनिटांत आटोपतो, कारण सगळ्यांची नजर मुजावरचाचांकडे लागलेली असते.

चाचांना माईक लागत नाही. ते ओसरीच्या कडेला उकिडवे बसतात, टोपी सारखी करतात आणि दरवर्षी त्याच शब्दांत सुरुवात करतात. “पीरबाबांनी एका रातीत मशीद उभी करायची ठरवली. माणसाची नजर पडायच्या आत काम पुरं व्हायला पायजे व्हतं. गवंडी दिसत न्हवते. छिन्नीचा आवाज न्हाई, पावलाचा आवाज न्हाई. घुमट झाला. डावा मनोरा झाला. उजव्याचे शेवटचे पाच थर ऱ्हायले. आन् गावात जातं घुमलं.”

इथे चाचा थांबतात. पटांगणात दोन-अडीचशे माणसं असली तरी लिंबाचं पान पडलेलं ऐकू यावं अशी शांतता होते. मग लहान पोरं एका सुरात विचारतात, “कुणाचं जातं?” हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आम्हीही असंच विचारायचो.

“बाळंतीण व्हती. घरात पसाभर पीठ न्हवतं. धनी अंधाराचाच मोटंवर जायचा, त्याला भाकरी पायजे. ती उठली आन् दळाय बसली. गवंड्यांना वाटलं, पहाट झाली. हातातला धोंडा हितंच ठिवला आन् निघून गेले.”

मग चाचा उठून त्या सुट्या दगडापाशी जातात आणि पाच खळग्यांवरून हात फिरवतात. आजवर पस्तीसेक वेळा तरी हे पाहिलं असेल, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो तो येतोच.

यानंतर बायकांच्या बाजूने आक्का उठते. वय सासष्ट, आवाज मात्र घागरीसारखा घुमणारा. ओवी तिच्या आजीची, आजीला तिच्या सासूकडून आलेली:

“दळण दळीते मी, पहाटंच्या पारी,
राहिला मनोरा बाई, बोल आला माझ्यावरी.”

तेवढ्या दोन ओळी गाऊन आक्का खाली बसते. आमच्याकडे लग्नाची हळद दळली की चिमूटभर हळद मशिदीच्या पायरीला लावायची रीत आहे, ती त्या बाळंतिणीच्या नावाने. मराठा, धनगर, मुजावर, शिकलगार, सगळ्या घरांतून हळद येते.

मग उभे राहतात आमचे गुरुजी. त्यांचं भाषण दरवर्षी थोडं लांबतं आणि मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते, याचं मला फार वाईट वाटतं. गुरुजी मूळचे पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते विशीत होते, राहत्या घराची भिंत त्यांच्या डोळ्यांदेखत बसली. आमच्या गावी ते नोकरीला आले पुढे काही वर्षांनी. ते सांगतात, हा मनोरा भूकंपातच उतरला असणार. दगडावरचे खळगे म्हणजे चुन्याला धर मिळावा म्हणून टाकीने पाडलेल्या खाचा. घुमटाच्या बुडाशी पाकळ्या आहेत तशा विजापूरच्या घुमटांना असतात, म्हणजे बांधकाम आदिलशाहीच्या वळणाचं. ती आदिलशाही १६८६ मध्ये औरंगजेबाने बुडवली. कराडचे मनोरे जाऊन बघा, असंही ते पोरांना बजावतात. आणि शेवटी हमखास म्हणतात, “तेव्हा त्या माउलीचा काही दोष नाही. जात्याने मनोरा राहिला नाही.”

गुरुजी गोष्ट खोडून काढतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. ते त्या बाईवरचा बोल काढायला उभे राहतात, हे फार उशिरा लक्षात आलं.

एका वर्षी आक्का त्यांना मध्येच म्हणाली, “गुरुजी, भूकंपाच्या साली मी नऊ वर्षांची व्हते. त्याच्या आदीबी मनोरा आखूडच व्हता. आन् बोल ऱ्हाऊ द्या तिच्यावर. त्या निमित्तानं तरी तिची आठवण निघती.” गुरुजी गप्प राहिले. पुढच्या मेळाव्यात ते पुन्हा तेच बोलले आणि आक्काने पुन्हा तीच ओवी म्हटली. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे.

२०१९ साली मेळाव्याचा रविवार रमजानात आला. सकाळचा कार्यक्रम संध्याकाळवर नेला आणि रोजा सुटल्यावरच सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलं. मराठ्यांच्या घरांतल्या कितीतरी बायकांनी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. तीन महिन्यांनी, ऑगस्टात, महापूर आला. शाळेत छातीएवढं पाणी होतं. मशीद उंचवट्यावर, तिच्या जोत्याला पाणी टेकलं आणि तिथेच थांबलं. शाळेची जनरल रजिस्टरं शिपाईमामांनी डोक्यावरून आणून ओसरीत ठेवली. ओली पानं सुकवताना मी पहिल्यांदाच ती नीट पाहिली. एकाच शाळेच्या मथळ्यावर आधी ‘जिल्हा सातारा’, १९४९ नंतर ‘दक्षिण सातारा’ आणि १९६० पासून ‘सांगली’. चाचांच्या भाभींनी पान न् पान सुती लुगड्याच्या तुकड्यात दाबून टिपलं. आज कुणाला जुना दाखला मिळतो तो त्यांच्यामुळे, हे इथे लिहून ठेवतो.

राबणाऱ्यांची नावं छापायची नाहीत असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून कामं सांगतो. मांडव घालणारे दोघे भाऊ भाडं फक्त बांबूचं घेतात. स्पीकरवाल्याने गेल्या वर्षी बॅटरी घरची आणली. पटांगण सारवायला वरच्या आळीच्या बायका आदल्या दिवशी येतात. आमटीचा मसाला पाटलांच्या थोरल्या वहिनींचा, भात उतरवायला शिकलगारांची पोरं, पाण्याचा टँकर सोसायटीच्या चेअरमनांचा, दिवाबत्ती गुरवअण्णांकडे. खुर्च्या मोजून परत करणारा आमचा नववीतला पोरगा. चपला सांभाळणारे आप्पा मागच्या अहवालात राहून गेले होते. ते काही बोलले नाहीत, पण माझ्या जिवाला ते लागून राहिलं. आप्पा, या वर्षी पहिला नारळ तुमच्या हातून फुटेल.

आणि एक बोलायचंच आहे. पुण्या-मुंबईची मंडळी जेवणाच्या वेळेला येतात आणि चाचांची गोष्ट सुरू व्हायच्या आधी निघतात. मे महिन्यात लग्नं असतात, मान्य. पण काही बॅचमधून दहा-दहा वर्षांत एकही माणूस फिरकलेला नाही. चाचा आता ऐंशीच्या पुढे गेले. त्यांच्या तोंडून गोष्ट ऐकायची असेल तर येत्या मे महिन्याची वाट धरा.

अशाच, एकदाही न आलेल्या एका माजी विद्यार्थ्याचं यंदा पत्र आलं. आखूड मनोरा स्वखर्चाने पुरा करून देतो, डाव्याच्या बरोबरीने आणतो, असा मजकूर. मन मोठं आहे, रक्कमही मोठी. मी पत्र सभेत वाचलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आक्काला इचारा.”

आक्का भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन आली, मनोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “त्याला म्हनावं, आदी येऊन गोष्ट ऐक.”

तेच उत्तर मी पत्राने कळवलं आहे.