वहीचं कव्हर आणि मिंकोव्हस्की

जुलैत खानापूर तालुक्यात पाऊस लागला की आमच्या पीयू (म्हणजे अकरावी-बारावीच्या) कॉलेजची हजेरी बसवर अवलंबून असते. त्या दिवशी कणकुंबी-जांबोटीकडच्या गाड्या आल्याच नव्हत्या. अर्धा वर्ग रिकामा असताना नवा पोर्शन घेण्यात अर्थ नव्हता. मी बाकांमधून फिरत वह्या बघत होतो, तर लोंढ्याहून येणाऱ्या एका मुलाच्या फिजिक्सच्या वहीला विचित्र कव्हर दिसलं. जाड पिवळट कागद, बारीक चौकटी आणि त्यावर रंगीत पेन्सिलींनी ओढलेल्या तिरक्या रेघा.

विचारलं तर म्हणाला, "आजोबांचा चार्ट हाय, सर. ते हुबळी कंट्रोलला होते. घरात ढीग पडलाय, सगळ्या वह्यांना तेच घालतो आम्ही."

मी कव्हर सोडवून घेतलं. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर पूर्वी हातानं भरायचे तोच हा चार्ट. डाव्या बाजूला खाली-वर स्टेशनं: बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. आडवी वेळ. प्रत्येक गाडीची एक रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी, जोरात पळाली की उभट. सिंगल लाइनचा जमाना, त्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना स्टेशनावरच छेदणार. स्टेशनांच्या मध्ये छेदल्या तर तो अपघात.

वर्षानुवर्षं मी 'काळ ही चौथी मिती' हा विषय पोर्शनमध्ये नाही म्हणून टाळत आलो होतो. त्या दिवशी वेळ होता आणि कागदही हातात होता. तो फळ्याला चिकटवला आणि एक चतुर्थांश फिरवला. आता स्टेशनं आडवी, वेळ उभी, खालून वर जाणारी. भौतिकशास्त्रातली माणसं चित्र असंच काढतात. मुलांना म्हटलं, हे बघा, गाडी म्हणजे आता एक ठिपका नाही, अख्खी रेघ आहे. लोंढ्याला नुसता बसून राहिलेला माणूसही रेघच आहे, सरळ वर जाणारी. आणि खानापूरचं क्रॉसिंग म्हणजे एक बिंदू, 'कुठे' आणि 'केव्हा' दोन्ही मिळून. त्याला घटना म्हणायचं. मग सांगितलं की हेर्मान मिंकोव्हस्की नावाच्या गणितज्ञानं 21 सप्टेंबर 1908 ला जर्मनीत कोलोन इथल्या भाषणात अवकाश आणि काळ वेगळे न धरता एकत्र मांडले. झुरिकला आईनस्टाईन त्याचा विद्यार्थी होता आणि सापेक्षतेचा निबंध त्याच विद्यार्थ्यानं तीन वर्षं आधी लिहिला होता. या भाषणानंतर चार महिन्यांत, जानेवारी 1909 मध्ये, मिंकोव्हस्की अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. वय अवघं 44.

इथवर सगळे मान डोलवत होते. तेवढ्यात कव्हरवालाच उठला.

"सर, मग ह्यात त्यानं नवीन काय केलं ओ? आमच्या आजोबांच्या चार्टावर टाइम हायच की."

नोकरीत असा प्रश्न फार कमी वेळा येतो. कारण पोरगं बरोबर बोलत होतं. रेल्वेचे असे आलेख एकोणिसाव्या शतकातच छापले गेले होते. काळाला चौथी मिती मानता येईल ही कल्पना तर फ्रान्सच्या दालांबेरनं 1754 मध्येच विश्वकोशात नोंदवून ठेवली होती. काळासाठी कागदावर एक अक्ष ओढणं म्हणजे सापेक्षता नव्हे. पुष्कळ लोकप्रिय पुस्तकं मात्र तिथंच थांबतात आणि वाचकाला काहीतरी गूढ कळल्यासारखं वाटतं.

मी चार्टावर पट्टीनं एक आडवी रेघ ओढली. सकाळी दहाची. या रेघेवर जे जे आहे ते सगळं 'आत्ता'. बेळगावात दहा, लोंढ्यात दहा. कंट्रोलरच्या कागदावर ही रेघ सगळ्यांची एकच असते, गाडीत बसलेल्याचीही आणि फलाटावरच्याचीही. मिंकोव्हस्कीच्या कागदावर गाडीतल्याची 'आत्ता'ची रेघ तिरकी होते. नवीन आहे ते एवढंच, आणि ते पचायला जड आहे.

"तिरकी का?" मागच्या बाकावरची एक मुलगी.

मग बेळगाव ते लोंढा इतकी लांब एक गाडी कल्पिली, साधारण 51 किलोमीटरची. खानापूर जवळजवळ मधोमध पडतं, ही आपली सोय. गाडीचं एक टोक बेळगावला आणि दुसरं लोंढ्याला असताना दोन्हीकडे दिवा चमकला. खानापूरच्या फलाटावरच्या माणसाला दोन्ही प्रकाश एकदम मिळाले. अंतरं सारखी, म्हणजे त्याच्या हिशेबानं दिवे एकाच वेळी लागले. गाडीच्या बरोबर मधल्या डब्यात एक बाई बसली आहे. गाडी लोंढ्याकडे चालली आहे, म्हणून लोंढ्याचा प्रकाश तिला आधी भेटतो आणि बेळगावचा नंतर. प्रकाशाचा वेग तिच्यासाठीही तेवढाच, सेकंदाला 2,99,792 किलोमीटर, आणि दोन्ही टोकं तिच्यापासून सारख्याच अंतरावर. मग ती काय म्हणणार? लोंढ्याचा दिवा आधी लागला.

"पण सर, खरं कोणाचं?"

दोघांचंही. वर्गात कुजबुज झाली. एका कन्नड मुलानं ते शेजाऱ्याला कन्नडमध्ये सांगितलं आणि माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं.

फरक किती, ते फळ्यावर काढलं. गाडीचा वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम 11. म्हणून आजोबांची नोकरी आडव्या रेघेवर निभावली. पण अंतर वाढलं की फरक वाढत जातो. देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर. हीच गाडी तिच्या दिशेनं चालली आहे असं धरलं, तर फलाटावरच्याचं तिथलं 'आत्ता' आणि गाडीतल्याचं तिथलं 'आत्ता' यांत दोन महिन्यांचं अंतर पडतं. पोरांनी कॅल्क्युलेटर काढून हे तपासलं. मला ते फार आवडलं.

"म्हणजे पुढचं सगळं आधीच घडून बसलंय?" तीच मुलगी. हा निष्कर्ष काढणारे तत्त्वज्ञ आहेत. मला तो घाईचा वाटतो. त्या दोन महिन्यांतलं काहीही फलाटावर किंवा गाडीत कळायला 25 लाख वर्षं लागतील. प्रकाशालाही ज्या दोन घटना जोडता येत नाहीत त्यांचाच क्रम असा बदलतो. कारण आणि परिणाम यांचा क्रम कोणालाही उलटा दिसत नाही.

मग मिंकोव्हस्कीच्या सूत्रातल्या वजा चिन्हाकडे वळलो. साध्या भूमितीत दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज घेऊन कर्ण काढतो. इथे काळाला प्रकाशवेगानं गुणून त्याच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करायचा. येणारं उत्तर फलाटावरच्याचं आणि गाडीतल्याचं एकच असतं. त्या वजामुळेच काळ ही चौथी मिती असली तरी लांबी-रुंदीसारखी नाही. त्यामुळेच फिरून परत आलेल्याचं घड्याळ घरी बसलेल्याच्या घड्याळापेक्षा कमी वेळ दाखवतं. पुरावा म्हणून म्युऑनची गोष्ट सांगितली. वातावरणात पंधराएक किलोमीटर वर हे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाचे 2.2 दशलक्षांश. तेवढ्यात प्रकाशवेगानंही 660 मीटरच काटले जातात. तरी ते जमिनीवर पोचतात, कारण आपल्या हिशेबानं त्यांचं घड्याळ सावकाश चालतं. तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो. आपल्याच कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, खोल खडकाखाली, 1950 च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते मोजले होते.

आता पोरं थांबायला तयार नव्हती. कन्नड मुलानं गणित मांडलं: गार्डानं तीस वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस, रोज आठ तास ताशी 72 नं प्रवास केला, तर तो कंट्रोलला बसलेल्या आजोबांच्या तुलनेत किती तरुण राहील? उत्तर आलं सेकंदाच्या दशलक्षांशाच्या अर्ध्याहून जरा जास्त.

"पण सर," मागची मुलगी म्हणाली, "उंचावर घड्याळ जोरात पळतं म्हणतात. बेळगाव खानापूरपेक्षा वर हाय की."

ते खरं आहे. ती 1915 ची व्यापक सापेक्षता, गुरुत्वाकर्षणाची; तिथे हा सरळ रेघांचा कागद पुरत नाही. बेळगाव सुमारे शंभर मीटर उंच आणि तेवढ्या उंचीचा परिणाम त्या गाडीच्या वेगाच्या परिणामाच्या पाचपट, तोही उलट्या दिशेनं. गार्डाचं सगळं गणित फिरलं. घंटा झाली होती. कव्हरवाल्याला सांगितलं, आजोबांना विचारून ये, गार्डांना बेळगावात किती तास थांबावं लागायचं.